मोतीचं देणं

आमच्या घरात सगळेच स्वतःला 'हम' म्हणतात. अब्बा एकटे बाजारात जाऊन आले तरी 'हम बाजार गए थे' असंच सांगतात. मराठीत लिहायला बसलो की तीच सवय 'आम्ही' होऊन कागदावर उतरते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. शिवाय पुढे जे सांगायचं आहे ते एका माणसाचं कामही नव्हतं.

आमचे अब्बा अकोल्याला टांगा चालवायचे. स्टेशनबाहेरच्या अड्ड्यावर त्यांचा टांगा उभा असे. स्टेशन ते ताजनापेठ, ताजनापेठ ते मोर्णेचा पूल ओलांडून जुनं शहर, हा त्यांचा रोजचा फेरा. घोड्याचं नाव मोती. रंगानं सब्जा, कपाळावर बोटभर काळा ठिपका. अब्बा फजरच्या नमाजाहून आले की आधी मोतीला खरारा करत, मग तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी देत आणि त्यानंतरच स्वतः चहा घेत. अम्मी चिडायची, "पहले घोडा, फिर हम." अब्बा म्हणायचे, "वो कमाता है, हम तो बैठके खाते हैं."

ऑटोरिक्षा वाढत गेले तसा अड्डा रोडावत गेला. पाच-सहा टांगे उरले, मग दोन. दिवसभर उभं राहून मोतीच्या चंदीपुरतेही पैसे सुटेनात. २००३ साली अब्बांनी कर्ज काढून जुना ऑटो घेतला. त्याच्या पहिल्या हप्त्यासाठी मोती विकला. सात हजार रुपये आले. घेणारा व्यापारी म्हणाला होता की एका बागायतदाराच्या मुलांना फिरवायला घोडा हवा आहे. आम्ही तेव्हा दहावीला होतो. मोती दोरीनं बांधून नेला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तो थांबला आणि मान वळवून बघत राहिला. आपल्याला फेरीवर न्यायचं सोडून अब्बा दारातच का उभे आहेत, हे त्याला कळत नसावं.

त्याच ऑटोच्या कमाईवर आमचं कॉलेज झालं, बी.एड. झालं. आज अमरावतीच्या उर्दू शाळेत खडू हातात धरून उभं राहतो ते त्या सात हजारांच्या पायावर. पुढची गोष्ट अम्मीनं खूप नंतर सांगितली. मोती विकल्यावर वर्षभरानं कुणीतरी अब्बांना सांगितलं की तुमचा घोडा वीटभट्टीवर दिसला. अब्बा सायकल काढून गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले आणि न जेवता झोपले. काय पाहिलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी घोड्याला हात लावला नाही. लग्नाच्या वरातीतही घोड्यापासून लांब चालायचे.

ही सगळी पाटी आमच्या मनावर पुसट झाली होती. २०२२ च्या जूनअखेर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून एक घोडी उभी दिसली. पांढरी, म्हातारी. अयाळीला मेंदीचा नारिंगी रंग अजून शिल्लक होता, म्हणजे वरातीची घोडी. पाठीवर खोगिराच्या जागी दोन जखमा, त्यावर माश्या. पुढचा उजवा पाय ती जमिनीला नुसता टेकवत होती, भार देत नव्हती. गळ्यात दावं नव्हतं. कुणीतरी ते मुद्दाम काढून घेतलं होतं.

मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'नानी' ठेवलं. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी तिच्यासमोर नेऊन ठेवली. आम्ही धावत जाऊन ताटल्या उचलल्या. अब्बांचं एक वाक्य लहानपणापासून कानात होतं, की घोडा उलटी करू शकत नाही. पोटात गेलं ते गेलं. शिजलेलं, आंबलेलं अन्न त्याच्या पोटात फुगतं आणि पोटशूळ उठला की रात्रीत घोडा जातो. गायीला चार कप्प्यांचं पोट आणि रवंथ असतो, घोड्याला दोन्ही नाही. मुलांना हे सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "तो फिर इसको कौन खिलाएगा?" शिक्षकाला मुलं प्रश्न विचारत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी करतो. विचारतात तेव्हा असा विचारतात.

घोडीचा मालक आठ दिवसांनी सापडला. वरातीला घोडी भाड्यानं देणारा, आमच्याच जमातीचा माणूस. चार कडक शब्द सुनवायचे असं ठरवून आम्ही गेलो होतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा आहे, हेही वाचून गेलो होतो. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "सर, लॉकडाऊन में दो सीझन गए. एक घोडी बेची, इसको किसीने लिया नई. पाँव गया है ना. घर में चार बच्चे हैं. आप बोलो, मैं किसका पेट काटूँ?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. समोर तो बसला होता आणि आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले अब्बा दिसत होते. फरक एवढाच की अब्बांच्या घोड्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. या माणसाला गुन्हेगार ठरवायचं तर आमच्या पदवीवरही त्याच गुन्ह्याचा शिक्का होता. आम्ही कायद्याचा कागद खिशातच ठेवला. शंभर रुपयांच्या स्टँपवर त्यानं लिहून दिलं की घोडीवरचा हक्क सोडला. आम्ही आमच्या बाजूनं लिहिलं की ती पुन्हा विकली जाणार नाही, तिच्यावर कुणी बसणार नाही, तिला कशाला जुंपलं जाणार नाही, तिची वीण घेतली जाणार नाही आणि मरेपर्यंत तिच्या चाऱ्याची आणि औषधाची जबाबदारी आमची. लिहिताना सोपं वाटलं. 'मरेपर्यंत' या शब्दाचं वजन नंतर कळलं.

डॉक्टरांनी दात पाहून वय अठरा-वीस सांगितलं. नीट सांभाळलं तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे दहा वर्षांचा हिशेब. गुडघ्याचा सांधा झिजला होता. दुखणं कमी होईल, पाय बरा होणार नाही. नाल काढून खूर कापावे लागले. खूर आपल्या नखासारखे वाढत राहतात आणि दर दीड-दोन महिन्यांनी नालबंद लागतो. अमरावतीत नालबंद शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. टांगे गेले तसे नालबंदही गेले. रक्ताचा नमुना तपासणीला पाठवला. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो, तो माणसालाही लागतो. निदान झालं तर घोड्याला मारावंच लागतं. इंग्रजांनी त्यासाठी १८९९ सालीच स्वतंत्र कायदा केला होता. अहवाल येईपर्यंतचे दिवस शाळेत सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढले. तो चांगला आला.

आता ठेवायचं कुठे? शाळेच्या भिंतीला ती कायम राहू शकत नव्हती. सांगली-सोलापूरकडे 'अ‍ॅनिमल राहत' नावाची संस्था २००३ पासून काम करते आणि थकलेले बैल, घोडे, गाढवं तिथे मरेपर्यंत राहतात, हे आम्हाला माहीत होतं. पण लंगड्या घोडीला वऱ्हाडातून तिथवर ट्रकनं नेणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. जवळ होती ती गोरक्षणं. दोन ठिकाणी सरळ नकार मिळाला, "इथं फक्त गायी." तिसऱ्या ठिकाणी आमचं नाव विचारलं गेलं आणि मग जागा नसल्याचं आठवलं. चौथं ठिकाण अकोला जिल्ह्यातलं. तिथले म्हातारे व्यवस्थापक फोनवर एवढंच म्हणाले, "घोडीले जागा हाय गुर्जी. पण मले गायीचं समजते, घोड्याचं काई समजत नाई. ते तुमाले सांगा लागीन." आम्ही म्हटलं, सांगणारा माणूस आहे आमच्याकडे.

घोडी न्यायची तारीख ठरली आणि घरात अस्वस्थता पसरली. कारण वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात तळेगाव दशासरला पोलिसांनी ५८ उंट अडवले होते. कच्छच्या पशुपालकांचे उंट, त्यांच्याबरोबर चालणारी पाच माणसं. कत्तलीसाठी नेतात अशी तक्रार झाली, माणसांवर गुन्हा दाखल झाला आणि उंट अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले गेले. वाळवंटातलं जनावर, त्याला झाडपाला लागतो, आणि ते गोठ्याच्या आवारात महिनाभर थांबलं. पुढे न्यायालयाच्या आदेशानं उंट मालकांना परत मिळाले. पण त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. टेम्पोत जनावर आणि पुढे दाढीवाला ड्रायव्हर, हे चित्र रस्त्यावर कसं दिसतं हे आम्हाला ठाऊक होतं. अम्मी म्हणाली, "सवाब कमाने जाते हैं और मुसीबत लेके आते हैं." आम्ही फाईल तयार केली: प्रवासास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला, रक्ताचा अहवाल, स्टँपपेपर, गोरक्षणाचं संमतीपत्र. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स.

टेम्पोत वाळू आणि त्यावर कुटार पसरलं, पाय घसरू नये म्हणून. पहाटे निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा गाडगेबाबांची आठवण निघाली. बाबांनी त्या गावात गोरक्षण उभं केलं, धर्मशाळा बांधली. मुक्या जनावरांना अभय हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक कलम आहे. आमच्याबरोबर आलेले मराठीचे शिक्षक हे सांगत होते आणि तेवढ्यात तीन मोटारसायकली आडव्या आल्या.

पाच-सहा पोरं. विशीतली. "काय भरलं?" फाईल पुढे केली, ती कुणी उघडली नाही. एकानं ताडपत्री वर केली. नानीनं मान बाहेर काढली. "हे कुठं नेऊन रायले?" आम्ही व्यवस्थापकांना फोन लावून दिला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज बाहेर ऐकू आला, "माही घोडी हाय ते. मी वाट पाहून रायलो. सोडा त्याइले." तो पोरगा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "लंगडी हाय का?" हो म्हटलं. त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. आम्ही शिक्षकी सवयीनं म्हणालो, "नको, पोट दुखेल तिचं." तो हसला आणि मोटारसायकल बाजूला घेतली. पुढचे दहा किलोमीटर टेम्पोत कुणी बोललं नाही. त्या पोराचं हसू खरं होतं आणि आमच्या पायांतला कापही खरा होता. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही.

अब्बांना आम्ही गोरक्षणाच्या फाटकाशी बोलावून घेतलं होतं. घोड्याबद्दल सांगितलं नव्हतं, काम आहे एवढंच. नानी फळीवरून खाली उतरली. अब्बा दहा पावलं लांब थांबले. खूप वेळानं जवळ गेले, तिच्या मानेवर हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलले ते व्यवस्थापकांना, "इसको काली मिट्टी पे मत बाँधो. मुरूम डालना पडेगा."

तिथून अब्बांची नोकरीच सुरू झाली. दर आठवड्याला दोनदा बसनं जायचे. आपली काळी माती पावसात खुराला चिकटून राहते, खूर सडतात. म्हणून मुरमाचा ओटा करून घेतला. गायींसाठीची सरकीची ढेप घोडीला द्यायची नाही, ज्वारीचे कोवळे फुटवे तर अजिबात नाही, गवत सुकं आणि बुरशी नसलेलं, पाणी दिवसभर समोर. व्यवस्थापक वहीत लिहून घ्यायचे. दोघं म्हातारे एका बाजेवर बसून घोडीकडे बघत चहा प्यायचे. अब्बांनी माळ्यावरचा मोतीचा खरारा काढून नेला. एकोणीस वर्षं तो घरात होता हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पैशांचा प्रश्न मोहल्ल्यात निघणारच होता. महिन्याला पाच-सहा हजार खर्च, शाळेतले बारा जण मिळून देत होतो. एकानं तोंडावर विचारलं, "गरीब बच्चों की फीस नहीं भरते, घोडी पालते हो?" प्रश्न खोटा नव्हता. आम्ही मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी स्वच्छ सांगितलं, जकात माणसांसाठी आहे, तिचे आठ हकदार ठरलेले आहेत; त्यातला एक रुपया घोडीला नको. नफल सदका मात्र द्या. मग त्यांनी मदीनेच्या एका बागेतल्या उंटाची हदीस सांगितली. प्रेषित तिथे गेले तेव्हा त्यांना पाहून उंटाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी त्याला कुरवाळून शांत केलं, मालकाला बोलावलं आणि अल्लाहची भीती बाळगायला सांगितलं, कारण उंटानं उपासमारीची आणि अति कामाची तक्रार केली होती. मौलाना म्हणाले, "शिकायत सुननेवाला कोई चाहिए, बस."

आमच्या शाळेतल्या अरबी जाणणाऱ्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. सीरियाचे विद्वान मुस्तफा अस-सिबाई यांनी इस्लामी संस्कृतीवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की दमास्कसमध्ये 'हिरवं कुरण' नावाची जमीन वक्फ होती. मालकांनी टाकून दिलेले, कामातून गेलेले घोडे तिथे मरेपर्यंत चरायचे. पुढे त्या जागी शहराचं क्रीडांगण झालं. आपल्याकडे वक्फ म्हटलं की मशीद, कब्रस्तान, मदरसा आणि कोर्टातले खटले एवढंच डोळ्यांपुढे येतं. म्हाताऱ्या घोड्यासाठी जमीन वक्फ करणारी माणसंही याच परंपरेत होऊन गेली. इकडे मुंबईत १८३४ साली पारशी जमशेदजी जीजीभॉय आणि जैन अमीचंद शहा यांनी मिळून भुलेश्वरचं पांजरापोळ उभारलं. म्हणजे जनावराच्या म्हातारपणाची सोय कुणा एका धर्माच्या नावावर नोंदलेली नाही. ती ज्यानं केली त्याची.

आणि सोय म्हणजे दया नव्हे, हे आम्हाला चार वर्षांत शिकायला मिळालं. दया एका सकाळी येते. सोय रोज सकाळी करावी लागते. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयानं ८ जून २०१५ रोजी दिला. घोड्यांचे हाल पाहता तो योग्यच होता, आणि घोड्यांचं व मालकांचं पुनर्वसन करा असंही न्यायालयानं सांगितलं होतं. पण घोडा गाडीतून सोडला की सुटला असं होत नाही. खरा प्रश्न त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चाऱ्याचा असतो. कायदे जनावर कामावर असतानाचे पुष्कळ आहेत. १९६५ च्या नियमांप्रमाणे दिवसाला नऊ तासांवर काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत हा नियम पाळायचा तर दुपारचा टांगाच बंद ठेवावा लागला असता. आमच्या लहानपणी तो कुणी पाळला नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हता. अब्बांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मोती को बता देते तो अच्छा होता."

नानी आजही आहे. पाय तसाच. पाठीच्या जखमा भरल्या, अयाळीतला मेंदीचा रंग केव्हाच गेला. रस्त्यावरून डीजे वाजत वरात गेली की ती ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते. एक आंधळी गाय तिच्याजवळच बसते. व्यवस्थापकांनी सुरुवातीला दोघींना वेगळं बांधलं होतं, आता बांधत नाहीत. आमच्या वर्गातली मुलं वर्षातून एकदा सहलीला तिथे जातात आणि परत आल्यावर उर्दूत निबंध लिहितात. बहुतेक निबंधांत नानी त्यांच्याशी बोलते. आम्ही तेवढ्यापुरते गुण कापत नाही.

पण सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. गेल्या हिवाळ्यात तोच घोडीवाला शाळेत आला. त्याच्या ओळखीच्या एकाचा घोडा डोळ्यांनी गेला होता. "सर, एक और रख लो." आम्ही व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, "जागा करू बाप्पा, पण चारा कोन देईन?" बारा शिक्षकांपैकी दोघांची बदली झाली होती, एक निवृत्त झाले होते. उरलेल्यांनी हिशेब मांडला. दुसऱ्या घोड्याचं 'मरेपर्यंत' आमच्या पगारात बसत नव्हतं. आम्ही नाही म्हणालो. कैरोमध्ये डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईनं १९३० नंतर पहिल्या महायुद्धातले हजारो म्हातारे घोडे मालकांकडून विकत घेतले आणि त्यांतल्या बहुतेकांना चार दिवस सुखाचे देऊन वेदनेतून कायमचं सोडवलं, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं, हे आम्ही वाचलं होतं. वाचताना ती कठोर वाटली होती. नाही म्हणून घरी परतलो त्या रात्री वाटली नाही.

अब्बांना हे सांगायला नको असं ठरवलं होतं, पण त्यांना व्यवस्थापकांकडून कळलं. त्यांचे गुडघे आता बस चढू देत नाहीत. गोरक्षणात महिन्यातून एकदा आम्हीच नेतो. त्यांनी विचारलं, "मोती के कितने आए थे, याद है?" सात हजार, आम्ही म्हणालो. "उतना तो हम दे देंगे. थोडा-थोडा करके. बाकी तुम लोग जमाओ." म्हातारपणीच्या पेन्शनचा पहिला हप्ता त्यांनी त्याच महिन्यात पाठवला. पाकिटावर उर्दूत लिहिलं होतं, 'मोती की तरफ़ से'.

सात हजारांत घोड्याचे जेमतेम सव्वा-दीड महिने निघतात. आंधळा घोडा अजून मालकाकडेच आहे. त्याला विकू नको, दर महिन्याला थोडा चारा आम्ही पोहोचवू, एवढाच करार सध्या झाला आहे. स्टँपपेपर अजून घेतलेला नाही. नव्या शैक्षणिक वर्षात शाळेत तीन नवे शिक्षक येणार आहेत. त्यांना आधी चहा पाजू, मग विचारू.